नाव झाकून वाचा : आपल्या शिक्षकांसाठी मानपत्र कसं लिहावं

आमचा छापखाना कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. वडील खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे, जुळवायचे, आता मी मजकूर संगणकावर जुळवते. वर्षातून दोनदा आमच्याकडे मानपत्रांची गर्दी उसळते. एकदा मे महिन्याच्या अखेरीला, कारण जुन्या पिढीतल्या कितीतरी शिक्षकांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी लावली ती. अठ्ठावन्न पूर्ण झाली की ३१ मेला सेवा संपते, आणि गावोगाव सेवापूर्तीचे मांडव पडतात. दुसरी गर्दी ५ सप्टेंबरच्या आधी. दिवाळीच्या सुट्टीत माजी विद्यार्थ्यांचे मेळावे होतात, तेव्हाही कामं येतात, पण ती जरा सवडीची.

मजकूर घेऊन येणारी माणसं मनापासून आलेली असतात. कुणी पुण्याहून रजा काढून आलेला, कुणी गुऱ्हाळ बंद ठेवून. बोलायला लागली की डोळ्यांत पाणी येतं. पण हातातला कागद बघितला की त्यावर असतं, 'ज्ञानतपस्वी, विद्यार्थिप्रिय, शिस्तप्रिय, ऋजू स्वभावाचे, हाडाचे शिक्षक.' मागच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या दुसऱ्या सरांसाठी आलेल्या कागदावरही हेच असतं. ज्या सरांनी आयुष्यभर प्रत्येक पोराला वेगळं ओळखलं, त्यांना आपण सगळ्यांसारखंच करून परत पाठवतो. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहितेय.

पहिली कसोटी सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. मानपत्र लिहून झालं की वर जिथं सरांचं नाव आहे तिथं हात ठेवा आणि खालचा मजकूर वाचा. शेजारच्या शाळेतल्या सरांचं नाव तिथं घातलं तरी चालतंय का? चालत असेल तर अजून लिहायचं बाकी आहे.

आपल्या कोल्हापुरातलीच गोष्ट घ्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि परतल्यावर कुस्त्यांची मैदानं घेऊन ते पैसे फेडले. आता यात खर्डेकर सरांना 'उदार' म्हटलेलं नाही, 'विद्यार्थ्यांवर पुत्रवत प्रेम करणारे' म्हटलेलं नाही. घर गहाण ठेवलं, एवढंच सांगितलं. वाचणाऱ्याला कळायचं ते कळतं. मानपत्रात असं एक तरी वाक्य हवं. प्रत्येक शिक्षकानं घर गहाण ठेवलेलं नसतं, पण प्रत्येकानं असं काहीतरी केलेलं असतं जे फक्त त्यांनीच केलं. ते शोधायला वेळ द्यायचा. लिहायला एक संध्याकाळ पुरते, शोधायला दोन-तीन आठवडे लागतात.

आठवणी कशा गोळा कराव्यात

बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सरांबद्दल दोन शब्द लिहा' असं टाकू नका. दोन हात जोडलेले, तीन फुलं आणि 'सर म्हणजे देवमाणूस' एवढंच येईल. त्यापेक्षा नेमकं विचारा. सर वर्गात कुठं उभे राहायचे? हातात काय असायचं? कुठलं वाक्य दहा वेळा म्हणायचे? कुणाच्या घरी आले होते आणि कशासाठी? उत्तर चुकलं की काय करायचे? निकालाच्या दिवशी कुठं असायचे? असं विचारलं की माणसं थबकतात, मग लिहायला लागतात, आणि एकाचं वाचून दुसऱ्याला आठवतं.

ग्रुपवर जे गप्प असतात त्यांना फोन करा. पहिल्या नंबरात आलेली मुलं काय सांगणार हे आपल्याला माहीत असतं. दहावीला दोनदा बसलेला, आठवीत शाळा सुटलेली, लग्न ठरल्यावर सरांनी घरी येऊन परीक्षेपुरतं तरी थांबा म्हणून सांगितलेली, यांच्याकडं खरा ऐवज असतो. शाळेचे शिपाई मामा हयात असतील तर त्यांना गाठाच. सर शाळेत किती वाजता यायचे, कुणाच्या डब्यात स्वतःची भाकरी घालायचे, हे शिक्षकखोलीत कुणाला माहीत नसतं इतकं मामांना माहीत असतं. सरांच्या जुन्या सहकाऱ्यांना आणि घरच्यांनाही विचारा. घरच्यांकडून एक गोष्ट हमखास मिळते, ती म्हणजे सर घरी आल्यावर कुठल्या मुलांबद्दल बोलायचे.

दोन बाबतीत जपायचं. सरांनी कुणाची फी भरली, कुणाला कपडे घेतले, कुणाला घरी ठेवून घेतलं, अशा गोष्टी निघतील. त्या सांगणाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय नाव लिहू नका. तो माणूस आज सभागृहात बायको-मुलांसह बसलेला असतो. 'आमच्यातल्या काहींची' एवढं पुरतं, सरांना कळतं कोण ते. दुसरं, माराच्या आठवणी. 'सरांच्या छडीमुळेच घडलो' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक मसुद्यात असतं आणि मी ते काढायला सांगते. ज्याला ती छडी लागली आणि जो त्यामुळं शाळेतून गेला, तो त्या दिवशी मागच्या रांगेत बसलेला असू शकतो. सरांनाही त्या आठवणीनं बरं वाटतंच असं नाही.

माझ्या बाईंचं सांगते. त्या आम्हाला मराठी शिकवायच्या. शाळा सुटली की मी प्रेसमध्ये वडिलांच्या हाताखाली असायची. स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला बाई एकदा आल्या, तेव्हा मी गॅलीतला, म्हणजे जुळवलेले खिळे ठेवायच्या तबकातला, मजकूर वाचत होते. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, मला ती सरळ वाचता यायची. बाईंनी मला दोन ओळी वाचायला लावल्या आणि वडिलांना म्हणाल्या, 'पोरगी उलटं वाचतीय, तिला सुलटं शिकू द्या.' दहावीनंतर मला घरी बसवायचं ठरत होतं, ते त्या वाक्यानं मोडलं. त्यांच्या सेवापूर्तीचं मानपत्र मीच जुळवलं, आणि त्यात हे वाक्य तसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत घातलं. बाईंनी शिकवलेलं व्याकरण, त्यांना मिळालेले पुरस्कार, यातलं काहीच त्यात नव्हतं. सांगायचं हे की, शिक्षकाच्या तोंडचं एखादं वाक्य कुणाला शब्दशः आठवत असेल तर ते अजिबात सुधारू नका. बोलीत असेल तर बोलीत राहू दे.

करवीर नगरी, शाहू महाराज आणि सुरुवातीची ओळ

आपल्याकडं निम्मी मानपत्रं 'राजर्षी शाहूंच्या पावन करवीर नगरीत' अशी सुरू होतात. महाराजांबद्दल आदर मला कुणापेक्षा कमी नाही, म्हणूनच त्यांचं नाव नुसतं तोरणासारखं लावलेलं मला बघवत नाही. नाव घ्यायचं तर त्यांच्या कामाशी सरांचं काम जोडून घ्यावं.

एकदा एका गुरुजींसाठी मजकूर आला. करवीर तालुक्यातली शाळा, उसाचा पट्टा. हंगाम सुरू झाला की तोडणीच्या टोळ्या यायच्या आणि गुरुजी शाळा भरण्याआधी सायकलवरून खोपींवर जायचे, पोरं गोळा करून आणायचे. कागदावर याबद्दल 'शैक्षणिक कार्यात मोलाचे योगदान' असं लिहिलेलं होतं. मी त्या मंडळींना बसवून घेतलं आणि आम्ही असं लिहिलं : 'शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. गुरुजी, तुमच्याकडं दंडाचा अधिकार नव्हता. तुमच्याकडं सायकल होती. तुम्ही फडावर आलात आणि आम्हाला कॅरिअरवर बसवून शाळेत घेऊन गेलात.' महाराजांचं नाव असं आलं तर शोभतं. नाहीतर सरळ 'आदरणीय सर' म्हणून सुरुवात करावी.

'आपण' लिहायचं की 'तुम्ही', हेही विचारतात. वर्गात जसं बोलत होता तसं लिहा. गुरुजी असतील तर गुरुजी, बाई असतील तर बाई. बाईंना मानपत्रात 'मॅडम' करू नका.

तपशील पक्के करा

नाव, आडनाव, पदवी आणि वर्षं. यात कुणाच्या आठवणीवर जाऊ नका. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या सेवापुस्तकात बदल्यांची सगळी गावं क्रमानं असतात. सरांच्या मुलाला किंवा सुनेला विचारून त्यांच्याकडची प्रत बघून घ्या. ती गावं वाचतानाच पुष्कळ काही सुचतं. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड या बाजूला नोकरीची पहिली वर्षं काढलेली असतील, तर पावसाळ्यात तिथं दोन शिक्षकांच्या शाळेत राहणं म्हणजे काय हे त्या काळच्या माणसाला विचारा. मुक्कामाची एस.टी. कुठवर जायची, तिथून किती चालावं लागायचं, हे एका ओळीत आलं तरी सरांची सगळी तरुण वर्षं त्यात येतात. २०१९ च्या किंवा २०२१ च्या पुरात सरांच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय केली असेल आणि सर तिथं राबले असतील, तर तेही लिहावं. शिक्षकाचं काम फळ्यापाशी संपत नाही हे आपल्या जिल्ह्यानं बघितलेलं आहे.

पुरस्कारांची यादी मात्र मानपत्रात नको. ती सूत्रसंचालकाकडं द्या.

लांबी आणि एक नमुना

तीनशे शब्दांच्या वर जाऊ नका. मोठ्यानं, सावकाश वाचायला तेवढ्याला साधारण तीन मिनिटं लागतात, आणि ऐकणाऱ्या सत्कारमूर्तींना तेवढंच सोसतं. फक्त सरांनीच केलेली ती एकमेव गोष्ट आधी, मग त्याचा आमच्यावर काय परिणाम झाला ते, मग आभार. आभार एकदाच मानावेत. गणिताच्या एका सरांसाठी लिहिलेला मजकूर त्या मंडळींच्या परवानगीनं नावगाव काढून देते :

'आदरणीय सर,

आपली शाळा साडेदहाला भरायची. तुमचा वर्ग साडेसातला भरायचा. तो कुठल्या वेळापत्रकात नव्हता. ज्यांना गणित येत नाही त्यांच्यासाठी तो होता, आणि त्यासाठी तुम्ही पहाटेची एस.टी. धरून यायचात.

फळ्यावर आमचं गणित चुकलं की तुम्ही ते पुसायचा नाहीत. जिथं चुकलं तिथं खडूनं गोल करायचात आणि म्हणायचात, "इथवर बरोबर आलायस." चुकलेल्या पोराला बरोबर आलेला भाग दाखवणारे तुम्ही आम्हाला भेटलेले पहिले मोठे माणूस.

आमच्यातले काही बँकेत आहेत, काही शेतात, एक जण एस.टी.त वाहक आहे. हिशेब सगळ्यांनाच करावा लागतो. आजही कुठं अडलो की आम्ही मागं जाऊन बघतो, कुठवर बरोबर आलो होतो.

दहावीचे फॉर्म भरायच्या वेळी आमच्यातल्या काहींची फी भरली गेली. कुणी भरली ते तुम्ही सांगितलं नाहीत. आम्हाला ते तेव्हाच कळलं होतं. ते आज तुमच्यासमोर म्हणतोय. सर, आम्ही तुमचे ऋणी आहोत.

तुमचे, साडेसातच्या वर्गातले विद्यार्थी'

खालची सही बघा. 'समस्त माजी विद्यार्थी' असं न लिहिता 'साडेसातच्या वर्गातले' लिहिलंय. हे त्या वाहक असलेल्या विद्यार्थ्यानं सुचवलं. वरचं नाव झाकलं तरी हे सर दुसऱ्या कुणाचे होऊ शकत नाहीत.

प्रूफ आणि छपाई

मानपत्र शिक्षकाला द्यायचंय, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घाला सूट नाही. सगळ्यात जास्त चुकणारे शब्द सांगते : आशीर्वाद (शी दीर्घ), गुरुवर्य आणि गुरुपौर्णिमा (रु ऱ्हस्व, पण नुसता 'गुरू' असेल तर दीर्घ), विद्यार्थिप्रिय (र्थि ऱ्हस्व). मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलेला असतो. प्रेसमध्ये तो जुन्या फाँटमध्ये बदलला तर रफार सरकतात, जोडाक्षरं फुटतात, 'ऱ्या'चा भलताच आकार होतो. म्हणून छपाईआधीचं प्रूफ कागदावर मागून घ्या, मोबाइलवरच्या फोटोवर विसंबू नका. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचावा, दुसऱ्यानं प्रूफवर बोट ठेवून बघावं. माझे वडील शेवटच्या ओळीपासून वर वाचायचे. तसं वाचलं की अर्थामध्ये गुंगून जायला वाव राहत नाही, म्हणून चूक दिसते. नावं तर असं उलटं वाचूनच तपासावीत.

कागद साधा, जाड, क्रीम रंगाचा घ्या आणि अक्षर काळं. सोनेरी कागदावरची अक्षरं स्टेजवरच्या दिव्यात दिसत नाहीत, फोटोत तर नाहीच नाही. आकार ए-थ्री पुरे. मुख्य मजकूर वीस पॉइंटच्या खाली नको. ज्यांना द्यायचं त्यांचं वय लक्षात घ्या, त्यांना चष्मा शोधावा न लागता वाचता आलं पाहिजे. कडेची वेलबुट्टी जितकी कमी तितकं अक्षर मोठं बसतं. सगळ्या विद्यार्थ्यांची नावं मानपत्रावर छापायचा हट्ट सोडा. त्यासाठी वेगळा कागद करा, त्यावर प्रत्येकानं स्वतःच्या हातानं सही करावी आणि तो फ्रेमच्या मागच्या बाजूला पाकिटात ठेवावा. सरांना अक्षरं ओळखू येतात. मजकुराची एक प्रत शाळेलाही द्या. पुरात घरंच्या घरं गेली तेव्हा अनेकांची मानपत्रंही गेली; दुसरीकडं प्रत असली तर पुन्हा छापून देता येते.

वाचायचं कुणी, आणि कधी

सूत्रसंचालकाकडून वाचून घेऊ नका. आवाज चांगला असतो, पण त्याला सर माहीत नसतात. विद्यार्थ्यानं वाचावं, आणि शक्यतो जो वर्गात मागं बसायचा त्यानं. अडखळला तरी चालेल. दोन-तीनदा मोठ्यानं सराव करून घ्या, कारण कुठल्या ओळीला गळा दाटतो ते आधी कळलं म्हणजे तिथं थांबून पाणी पिता येतं. वाचताना तोंड सरांकडं असावं. देवल क्लबमध्ये गाण्याच्या बैठकीला गवई गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात, ते लोकांना दाखवायला नव्हे. वाचणाऱ्याच्या मनात तेवढं असलं की बाकी काही शिकवावं लागत नाही.

फेटा आणि शाल-श्रीफळ आधी उरकून घ्या. फेटा बांधायला वेळ लागतो, तेवढ्यात मंडळी बोलायला लागतात. सर फेटा बांधून खुर्चीत नीट बसले, शेजारी त्यांच्या घरच्यांनाही बसवलं, की मानपत्र वाचावं आणि मगच पाहुण्यांची भाषणं. उलट केलं तर मानपत्राच्या वेळेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. सरांना बोलायला भरपूर वेळ ठेवा. माणसं त्यांचंच ऐकायला आलेली असतात.

तालमीतल्या वस्तादांसाठीही लोक विचारायला येतात. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीचा पैलवान असो, त्याचं म्हणणं असतं की आम्हाला लिहिता येत नाही. त्यांना मी एवढंच विचारते, वस्तादांनी पहिल्या दिवशी तुमच्याकडून काय करून घेतलं? माती खणायला लावली असेल तर तेच लिहा. कुणाच्या वाटणीचं दूध-बदाम कुणाच्या पैशातून आलं, तेही लिहा.

कार्यक्रम करायची ऐपत किंवा सवड नसेल तर मानपत्र रद्द करायचं कारण नाही. आधी फोन करून दोघंतिघं घरी जा, तिथंच वाचा. सर आजारी असतील, ऐकू कमी येत असेल, तर जवळ बसून, सावकाश. आणि सर गेलेले असतील तरी लिहा. मजकूर 'तुम्ही' म्हणूनच लिहायचा, 'ते' करायचा नाही, नावाआधी 'कै.' लावून तो घरच्यांच्या हाती द्यायचा. अशी मानपत्रं आम्ही छापलेली आहेत. घरच्या लोकांना, विशेषतः नातवंडांना, आजोबा शाळेत कसे होते हे पहिल्यांदा त्यातूनच कळतं.

मजकूर पक्का झाल्यावर प्रूफ, छपाई आणि फ्रेम याला चार-पाच दिवस धरा. ५ सप्टेंबरचं काम असेल तर ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातच प्रेस गाठा, मग ती आमची असो की तुमच्या गावातली. येताना सरांचं पूर्ण नाव कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून आणा. फोनवरून सांगितलेलं नाव मी छापायला घेत नाही.